डोळे मिटा, कात्रण ओळखा: म्हाताऱ्या बोटांची शिकवणी

शिलाई मशीनवर बसणाऱ्याला बॉबीन केस, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळाची डबी, बघून बसवावी लागत नाही. हात खालून जातो, बोटांना शटलचा खिळा लागतो, केस आत सरकते आणि 'टक्' होतं. तोवर वर गिऱ्हाइकाशी बोलणं चालूच असतं. अमळनेरात त्रेचाळीस वर्षं मी हेच केलं. बंड्या, पायजमे, गांधी टोप्या, लग्नसराईत ब्लाउज. दोन वर्षांपूर्वी एक दिवस ती केस बसेना. तीनदा खाली पडली. शेवटी मान वाकडी करून, मोबाईलची बॅटरी लावून बसवली. समोर पायजम्याचं माप द्यायला आलेला पोरगा बघत होता. त्याला म्हटलं, केस झिजली. केस झिजली नव्हती.

मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. टाचणी उचलायला गेलो की बोटातून निसटायची. नोटा मोजताना दोन चिकटल्या तरी कळायचं नाही. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण, जे आरशातही दिसत नाही, ते लावायला बायकोला हाक मारावी लागे. मी तेव्हा सदुसष्टचा. सगळे म्हणाले, हातातली ताकद गेली. म्हणून बाजारातून रबरी चेंडू आणला आणि तीन महिने सकाळ-संध्याकाळ दाबला. अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला, बटण होतं तिथेच.

दिवाळीला पुतणी आली. ती मुंबईत ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं हाताला पुन्हा शिकवण्याचं शास्त्र, शिकली आहे. तिने माझी मूठ दाबून बघितली, बोटं एकेक करून हलवून बघितली, मग ओढणीने माझे डोळे बांधले आणि तळहातावर काहीतरी ठेवलं. मी चाचपून म्हटलं, "बटण." ओढणी सोडली तर एक रुपयाचं नाणं. शिंप्याला बटण कळू नये! ती म्हणाली, "काका, तुमचा हात पकडतो चांगला. काय पकडलंय ते त्याला कळत नाहीये." पुढचं सगळं तिने शिकवलं आणि मी माझ्या दुकानातल्या सामानाने करून बघितलं. ते जसं केलं तसंच लिहितो.

बिघडतं काय

एका तळहाताच्या आणि बोटांच्या आतल्या कातडीत स्पर्श कळवणाऱ्या सुमारे १७,००० नसा असतात. त्यांची कामं वाटलेली आहेत. काहींना कडा आणि पोत कळतो, काहींना वस्तू निसटायला लागल्याची पहिली सरक कळते, काहींना थरथर, काहींना कातडीचा ताण. वयाने त्यांच्या टोकांच्या बारीक गाठी कमी होतात, निरोप सावकाश पोचतो, कातडीही कोरडी पडते. पंचविशीतल्या माणसाच्या बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवर ठेवलेली दोन टोकं दोन म्हणून कळतात. म्हातारपणी ते अंतर वाढत जातं.

आता गंमत बघा. वस्तू निसटतेय की नाही हे कळलं नाही, तर हात भीतीने जास्त जोर लावतो. म्हणून म्हातारी माणसं चहाचा कागदी कप चेपवतात, आणि टाचणी मात्र सुटते. स्वीडनमध्ये उमेओ विद्यापीठात रोलँड योहान्सन यांनी हे फार सोप्या रीतीने दाखवलं. निरोगी माणसाच्या बोटांची टोकं इंजेक्शनने बधिर केली आणि त्याला आगपेटीतली काडी पेटवायला सांगितली. ताकद होती तेवढीच, डोळे उघडे, पण काडी धड उचलता येईना, हातातून पडायला लागली. माझ्या चेंडूचे तीन महिने कुठे वाया गेले ते मला तेव्हा कळलं.

बातमी वाईट असली तरी तिच्यात वाट आहे. बोटांकडून येणारा निरोप पुसट झाला तरी तो वाचणारा मेंदू शिकू शकतो. हाताच्या नसा कापल्या गेलेल्या लोकांना ऑपरेशननंतर पुढे सांगतो त्याच पद्धतीने स्पर्श पुन्हा शिकवतात. आपण तीच शिकवणी घरी लावायची.

आधी डॉक्टर

हे वाचून लगेच सरावाला बसू नका. हाताला अचानक, त्यातही एकाच बाजूला, बधिरपणा किंवा लुळेपणा आला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो लकवा असू शकतो. तसंच उठून दवाखाना गाठायचा, मालिश-बिलिश करत बसायचं नाही. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट मुंग्यांनी जागं करत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटात नस दबली असण्याची शक्यता असते. करंगळीच्या बाजूला मुंग्या असतील तर कोपराजवळची नस. मधुमेहात बहुधा आधी पाय बधिरतात, मग हात. शाकाहारी माणसात आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, त्यानेही मुंग्या येतात आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. अंगावर फिकट चट्टा आणि तिथे स्पर्श कळत नाही असं असेल तर लाजू नका. ते कुष्ठरोगाचं लक्षण असू शकतं, आणि सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं, पूर्ण बरंही होतं. माझं बी-१२ कमी निघालं. इंजेक्शनं घेतली, मुंग्या गेल्या, पण नाणं आणि बटण यांतला घोळ राहिलाच.

हात कुठे आहे ते मोजा

एरिक मोबर्ग नावाच्या स्वीडिश हस्तशल्यकाने १९५८ साली एक परीक्षा सांगितली, ती आजही चालते आणि तिला एक छदामही लागत नाही. थाळीत रोजच्या दहा-बारा बारीक वस्तू पसरायच्या. माझ्या थाळीत होतं: सदऱ्याचं बटण, कोटाचं बटण, ब्लाउजचा हूक, बंद केलेली सेफ्टी पिन, किल्ली, एक रुपया, पाच रुपये, बॉबीन, बोथट खिळा, नट आणि हरभऱ्याचा दाणा. शेजारी एक डबा. एकेक वस्तू उचलून डब्यात टाकायची. आधी डोळे उघडे ठेवून उजव्या हाताने, मग डाव्या, मग तेच डोळे मिटून. मोबाईलवर वेळ लावायची आणि वहीत लिहायची. डोळे मिटल्यावर कुठलं बोट पुढे येतं तेही दुसऱ्या कुणीतरी बघावं. ज्या बोटाला कळत नाही ते हात आपोआप बाजूला ठेवतो.

माझे आकडे: डोळे उघडे, उजवा १९ सेकंद. डोळे मिटून ५२. डाव्याने मिटून १ मिनिट २५, आणि हूक थाळीतच राहिला. तर्जनी सोडून मी मधल्या बोटाने उचलत होतो, हे पुतणीने सांगेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. सगळी कामं मी डोळ्यांनी करत होतो हेही या आकड्यांनीच दाखवलं.

पहिले दोन आठवडे: कात्रणं

शिंप्याच्या घरी याला तोटा नाही. तुमच्याकडे नसतील तर कुठल्याही टेलरकडे मागा, पिशवीभर देईल आणि वर दुवा देईल. तळहाताएवढे चौकोन कापा, प्रत्येक कापडाचे दोन. माझी यादी खरखरीतपासून गुळगुळीतकडे अशी होती: गोणपाट, टॉवेल, कॉड्रा म्हणजे ती रेघारेघांची पँट असते ते कापड, जीन्स, मांजरपाट, पॉपलीन, मलमल, साटीन.

आधी हात पाच मिनिटं कोमट पाण्यात बुडवून कोरडे करा. आमच्याकडे पौष-माघात सकाळी बोटं लाकूड होतात, तेव्हा तर हे चुकवूच नका. पाणी कोमट आहे का ते बधिर हाताने बघू नका, कोपराने बघा. तेल मात्र सरावाआधी नको, बोटं निसरडी होतात. खोबरेल रात्री झोपताना लावा.

आता रीत. एक गोणपाट आणि एक साटीन घ्या. डोळे उघडे ठेवून बोट फिरवा आणि तोंडाने बोला: "हे खरखरीत, हे गार, घसरतं." डोळे मिटा, पुन्हा तेच. डोळे उघडा, खात्री करा. बघणं, मिटणं, बघणं. सगळी शिकवणी या तीन पायऱ्यांवर उभी आहे, कारण डोळ्यांना आलेलं बोटांना समजावून सांगायचं असतं. आधी चांगल्या हाताने, मग लगेच कच्च्या हाताने. दुसऱ्याला पहिल्याकडून उसनं मिळतं.

दोन चुका सगळेच करतात. एक, दाबतात. दाबून पोत कळत नाही, बोट हलकं ठेवून फिरवलं तरच कळतो. दुकानात चांगलं गिऱ्हाईक कापड कसं बघतं आठवा. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळतं, चिमटा काढत नाही. दुसरी चूक म्हणजे तळहाताने ओळखायला जातात. तळव्याला कमी कळतं. बोटांची टोकं वापरा, आणि ज्या बोटाला हात टाळतो त्याला मुद्दाम पुढे करा.

गोणपाट आणि साटीन जमलं की फरक कमी करत जा. शेवटी सोळा चौकोन एका पिशवीत घालून, डोळे मिटून जोड्या लावायच्या. मला टॉवेल, कॉड्रा, साटीन पहिल्या आठवड्यात आलं. पॉपलीन आणि मांजरपाट यांनी मात्र रडवलं. ज्या माणसाने हजारो वार मांजरपाट कापलं, तो डोळे मिटून त्याला पॉपलीन म्हणत होता. सतराव्या की अठराव्या दिवशी फरक लागला. मांजरपाटावर नख आडवं नेलं की बारीक अडखळतं, पॉपलीनवर ते सरळ जातं. एकदा लागला तो लागलाच.

एका वेळी पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. त्यापुढे बोटं खोटं बोलायला लागतात.

मग दाणे

परातीत दोन शेर दादर घ्या. बाहेरच्या वाचकांसाठी: दादर म्हणजे आमच्या खान्देशातली रब्बीची ज्वारी, टपोरी. तांदूळही चालेल, पण दादर बोटांना छान लागते. तिच्यात थाळीतल्या वस्तू पुरायच्या आणि डोळे मिटून काढायच्या. काढण्याआधी, हात दाण्यातच असताना, काय आहे ते बोलायचं. हे कात्रणांपेक्षा अवघड आहे, कारण इथे आकार ओळखायचा असतो आणि दाणे मध्ये मध्ये भ्रम पाडतात. नट आणि बॉबीन यांत मी फार फसलो. पुतणीने सांगितलं, वस्तू बोटांच्या टोकावर फिरवा, कडेने कडेने जा, भोक आहे का बघा. भोकाशी आलं की उत्तर मिळतं.

त्यानंतर डाळी-कडधान्यं. हरभरा आणि मसूर पहिल्या दिवशी वेगळे झाले, एक गोल टोकदार, एक चपटा. तूर आणि हरभरा त्यापुढे. मूग आणि उडीद हा शेवटचा पेपर, तो मला अजून धड आलेला नाही. दाणा दोन बोटांत धरून गोल फिरवायचा आणि वाटीत टाकायचा, एवढंच. वीस दाण्यांत किती चुकले ते लिहायचं.

इथे घरात भांडण झालं तेही सांगतो. मी दादर आणि उडीद एका परातीत करून ठेवले आणि दुपारी झोपलो. बायकोने बघितलं. "अहो, हे आता निवडणार कोण?" मी म्हटलं, मीच, डोळे मिटून. ती काही बोलली नाही. संध्याकाळी परात रिकामी. तिने वरून आणखी उडीद आणि मीठ घालून सगळं चक्कीवर पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा पुढ्यात आला. तेव्हापासून सरावाचे दाणे वेगळ्या डब्यात, झाकणावर नाव लिहून.

जोर किती लावायचा ते

केळीचे वेफर आमच्याकडे गल्लोगल्ली. पातळ, गोल, कुरकुरीत असे वीस घ्या. अंगठा आणि तर्जनीने एकेक उचलून दुसऱ्या ताटलीत रचायचे. तुटला तर जोर जास्त, निसटला तर कमी. तुटलेला खाऊन टाकायचा. रक्तदाब असेल तर मीठ नसलेले करून घ्या, कारण पहिल्या दिवशी बरेच तुटतात. नंतर कागदी कपात अर्धं पाणी घेऊन, कप न चेपता, या टेबलावरून त्या टेबलावर. डोळे मिटून नाही हं, उघडे ठेवून. फरशी ओली झाली की पडणं आलं, आणि आपल्या वयात पडणं परवडत नाही.

नाण्यांचा सराव मी एसटी स्टँडवर करतो. खिशात पाच-सहा नाणी, हात आत, ओळखूनच बाहेर काढायचं. वीस रुपयांचं नाणं गोल नाही, बारा कडांचं आहे, ते आधी सापडतं. दहाच्या नाण्यात कडेचं कडं आणि मधला भाग वेगळ्या धातूचा, त्या सांध्यावर नख लागतं. घरी आणखी एक: पाच नाणी तळहातावर घेऊन, दुसऱ्या हाताची मदत न घेता, अंगठ्याने एकेक नाणं बोटांच्या टोकाशी आणून डब्यात टाकायचं. बघायला सोपं वाटतं. करून बघा.

वाती

हे बायकोचं खातं, आणि खरं सांगू तर या सगळ्यात मला हेच सगळ्यात चांगलं वाटतं. कापसाचं फुटलेलं बोंड घ्यायचं, त्यातली सरकी बोटांनी काढायची. सरकीला कापूस घट्ट चिकटलेला असतो, तो ओढताना किती ओढलं की तुटेल हे बोटांनाच कळावं लागतं. मग कापूस पिंजून पातळ करायचा, तळहातावर ठेवायचा, बोटांना किंचित दूध लावून वळायचा. वात मध्ये जाड आणि टोकांना बारीक झाली तर जोर सारखा नाही. डोळे मिटून वळलेली वात दोन बोटांतून ओढून बघायची, गाठ कुठे आहे ते सांगायचं, मग डोळे उघडून बघायचं. माझ्या पहिल्या वाती बघून बायको म्हणाली, "या देवाला नको, चुलीला द्या." श्रावणापर्यंत देवापुढे लागायला लागल्या.

यात दोन्ही हात एकत्र येतात, आणि सरावाचा कंटाळा येत नाही, कारण शेवटी हातात काहीतरी तयार होतं.

दोन महिन्यांनी थाळी पुन्हा मांडली. डोळे मिटून उजवा ३४ सेकंद, डावा ५८. पण पुतणी फोनवर म्हणाली, त्या अकरा वस्तू तुम्हाला पाठ झाल्यात, दुसऱ्या घ्या. तिचं बरोबर होतं. लसणाची पाकळी, शेंगदाणा, पेनचं टोपण, मोती, वॉशर असं नवं घेतलं तर उजवा ४१ वर गेला. वहीत तोच आकडा खरा धरा, आणि दर महिन्याला वस्तू बदला. गळ्याजवळचं बटण आता माझं मी लावतो. बॉबीन केस बहुतेक वेळा पहिल्यांदाच बसते. सुई ओवायला मात्र अजून चष्मा आणि नातू दोन्ही लागतात. मध्ये भाच्याच्या लग्नात पंधरा दिवस सराव सुटला, तर परत आल्यावर मलमल आणि साटीनमध्ये गोंधळ झाला, म्हणजे हे सोडून चालत नाही.

ज्यांचे हात शेतीने घट्टे पडलेले आहेत त्यांनी आधी आठ दिवस हात कोमट पाण्यात भिजवून घट्टे हलके घासावे, आणि कात्रणांऐवजी मोठ्या वस्तूंपासून सुरुवात करावी. शेजारचे एक काका आयुष्यभर कापूस आणि केळीत राबले. त्यांना कापडं कळेनात, पण विळ्याची मूठ, नळीचा तुकडा, दोरीचे पीळ लगेच कळले. ज्यांना विसरभोळेपणाचा आजार आहे त्यांच्यापुढे बटणं-दाणे ठेवू नका, तोंडात घालतात. त्यांना चमचा, कंगवा, लिंबू अशा वस्तू कापडी पिशवीत द्या.

माझी फुई पारोळ्याला असते. फुई म्हणजे वडिलांची बहीण. वय शहाऐंशी, दोन्ही डोळ्यांनी फारसं दिसत नाही. मागच्या महिन्यात परात आणि दादर घेऊन तिच्याकडे गेलो, आत पाच वस्तू पुरल्या आणि तिचा हात धरून आत ठेवला. म्हटलं, सांग आत काय काय आहे. ती वस्तूंकडे गेलीच नाही. चिमूटभर दाणे घेतले, दोन बोटांत चोळले, पुन्हा घेतले.

"जुनी शे," ती म्हणाली. "कीड लागेल शे." म्हणजे जुनी आहे, कीड लागलेली आहे.

मी परात उजेडात नेली, चष्मा लावला. दर पाच-सात दाण्यांत एकाला टाचणीच्या टोकाएवढं भोक होतं. त्याच परातीत मी आठ दिवस हात घालत होतो.